पहिली मोटार लहानच असावी

शाळा सोडून गेलेले विद्यार्थी अधूनमधून भेटावयास येतात. कोणी नोकरीची वार्ता सांगतो, कोणी पुढील शिक्षणाविषयी सल्ला विचारतो. अलीकडे मात्र एक निराळाच प्रश्न माझ्या कानी वारंवार येऊ लागला आहे. "सर, एखादी जुनी मोटार विकत घेऊन ती स्वतःच्या हातांनी नीट करावी असे फार मनात आहे. कोणती घ्यावी?" विचारणाऱ्याच्या डोळ्यांत त्या वेळी जी चमक असते ती पाहिली म्हणजे उत्तर आधीच ठरलेले आहे हे ध्यानात येते. कोणाला जुनी, लांबरुंद, चकचकीत पितळी अक्षरांची मोटार हवी असते. कोणाला डोंगर चढणारी जीप हवी असते. मला विचारण्यात आले ते केवळ होकारासाठी, हेही मला उमगते. तरीही मी तो होकार देत नाही. या विषयीचे माझे मत मी येथे सविस्तर मांडीत आहे, कारण हा प्रश्न केवळ मोटारीचा नाही. तरुण मनाच्या आत्मविश्वासाचा आणि घरच्या काटकसरीने जमलेल्या पैशाचाही आहे.

माझे मत थोडक्यात असे : शिकण्यासाठी घेतलेली पहिली मोटार लहान, साधी, सर्वत्र आढळणारी, आणि मुख्य म्हणजे स्वतःच्या चाकांवर चालत घरी येणारी असावी. मागचे दार वर उघडणारी, चार-पाच माणसांची, जिला हॅचबॅक म्हणतात अशी छोटी गाडी या कामाला सर्वांत योग्य. आणि आपल्या देशात असे नाव घ्यावयाचे तर पहिले नाव मारुती ८०० हेच घ्यावे लागेल.

हे मत मी पुस्तकातून घेतलेले नाही. ते मला एका पराभवाने शिकविले आहे. नोकरी लागल्यावर पहिल्या दोन-तीन वर्षांत मी व माझ्या धाकट्या भावाने मिळून एक जुनी, प्रशस्त, परदेशी बनावटीची मोटार घेतली होती. तिचे रूप मोठे देखणे होते. ती चालत नव्हती. पण ती चालू करणे हाच तर आमचा पुरुषार्थ ठरणार होता. ट्रकवर चढवून आम्ही ती अंगणात आणली. मग एकेक गोष्ट कळू लागली. तिचा एक भाग मुंबईत मिळेना, दुसरा मिळाला तर त्याची किंमत मोटारीच्या निम्म्याइतकी. तळाचा पत्रा हात लावताच भुग्यासारखा गळून पडे. उत्साहाच्या भरात सुटे केलेले इंजिन पोत्यांवर मांडून ठेवले होते; कोणता नट कोठला, हे सहा महिन्यांनी आम्हांलाच सांगता येईना. चार पावसाळे ती मोटार ताडपत्रीखाली उभी राहिली आणि पाचव्या वर्षी भंगाराच्या भावाने गेली. पैसा गेला त्याचे दुःख पुढे विसरलो. पण ती गाडी फाटकाबाहेर ओढली जात असता माझा भाऊ एवढेच म्हणाला, "आपल्याला काही जमत नाही, दादा." हे वाक्य मात्र मी विसरलो नाही. त्यानंतर कित्येक वर्षे त्याने हातात पाना धरला नाही. जे काम आमच्या कुवतीच्या बाहेरचे होते ते आम्ही प्रथम निवडले, आणि त्या निवडीचा दोष त्याने आपल्या हातांवर घेतला.

म्हणून मी म्हणतो की पहिल्या कामाचा मुख्य गुण म्हणजे ते पुरे होणे. हत्ती गेला आणि शेपूट राहिले, अशी जी म्हण आपल्यात आहे ती मोठ्या कामाच्या शेवटच्या अडचणीविषयी आहे. येथे तर हत्तीच अंगणात बसून राहतो. लहान काम पुरे झाले की पुढच्या मोठ्या कामाचे बळ त्यातूनच येते. आपल्या बेळगावच्याच मातीतले उदाहरण घ्या. लक्ष्मणराव किर्लोस्कर १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे जन्मले. १९१० साली त्यांनी किर्लोस्करवाडी उभी केली आणि पुढे त्यांच्या नावाने मोठा यंत्रोद्योग उभा राहिला, हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्याचा आरंभ १८८८ साली बेळगावातील सायकलींच्या दुकानाने झाला. मग कडबा कापण्याचे यंत्र आले, लोखंडी नांगर आला. सायकलीपासून सुरुवात केल्याने त्यांना कमीपणा आला नाही. आपण मात्र पहिल्याच दिवशी राजेशाही मोटारीला हात घालू पाहतो.

आता मारुती ८०० हीच का, याची कारणे पाहू. १४ डिसेंबर १९८३ रोजी ही गाडी गुडगावच्या कारखान्यातून प्रथम ग्राहकाच्या हाती गेली. जपानच्या सुझुकी कंपनीच्या छोट्या मोटारीवरून ती बेतलेली होती. १९८६ साली तिचे रूप बदलून ती अधिक गोलसर व ऐसपैस झाली, आणि तेच रूप थोड्याफार फरकाने जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन थांबेपर्यंत टिकले. तीस वर्षांच्या या काळात २५ लाखांहून अधिक गाड्या बनल्या. याचा अर्थ विद्यार्थ्याच्या दृष्टीने फार मोठा आहे. जी वस्तू घरोघरी होती तिचे ज्ञानही गावोगावी असते. निपाणीला, खानापूरला, चंदगडला, सावंतवाडीला, कोठेही गेलात तरी या गाडीचे पोट उघडून पाहिलेला निदान एक मेकॅनिक भेटतोच. तिचे सुटे भाग अजून दुकानांत मिळतात. आणि १९८४ ते २०१९ या काळात बनलेल्या ओम्नी गाडीत हेच ७९६ घन सेंटिमीटरचे इंजिन असल्यामुळे इंजिनाच्या भागांची वाण तर सहसा पडत नाही. मोठ्या व दुर्मिळ मोटारीचा एक भाग चुकून मोडला तर काम सहा महिने अडते. येथे तो संध्याकाळपर्यंत पिशवीत घालून आणता येतो. शिकणाऱ्याच्या हातून भाग मोडणारच. तेव्हा मोडलेला भाग परवडणे ही शिक्षणाची पहिली अट समजावी.

दुसरे कारण असे की ही मोटार डोळ्यांना समजते. तिचे बोनेट उघडले की इंजिन, बॅटरी, रेडिएटर, ब्रेकची टाकी हे सर्व वेगवेगळे ओळखता येते. १०, १२, १४ आणि १७ नंबरचे पाने, एक पकड, दोन-तीन स्क्रूड्रायव्हर आणि प्लग काढण्याचा पाना एवढ्या साहित्यावर तिची बरीचशी कामे होतात. सुमारे साडेसहाशे किलो वजनाची ही गाडी दोन माणसे ढकलत अंगणात वळवू शकतात. हिचे एक चाक किंवा एक दार हाताळताना शिकणाऱ्याला धाप लागत नाही, आणि दमलेल्या हाताने होणाऱ्या चुका टळतात.

तिसरे कारण मी विज्ञानाचा शिक्षक म्हणून सांगतो. या छोट्या इंजिनात आपले पाठ्यपुस्तक जिवंत होते. तिला तीन सिलिंडर आहेत. प्रत्येकाचा व्यास ६८.५ मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ७२ मिलिमीटर. वृत्तचितीच्या घनफळाचे सूत्र वापरून पाहा : एका सिलिंडरचे घनफळ सुमारे २६५.३ घन सेंटिमीटर येते, आणि तिनांचे मिळून बरोबर ७९६. नावातील ८०० कोठून आले ते वहीत सिद्ध होते. चार-धावी इंजिनाचे एक चक्र दोन फेऱ्यांत, म्हणजे ७२० अंशांत पुरे होते. त्याला तिनाने भागले की दर २४० अंशांनी एक स्फोट होतो, हे समजते. ब्रेकचे पेडल दाबले असता चारही चाकांशी दाब पोहोचतो तो पास्कलच्या नियमाने. रेडिएटरचे झाकण दाब का धरून ठेवते, याचे उत्तर दाब वाढला की द्रवाचा उत्कलनबिंदू वाढतो या धड्यात आहे. फळ्यावर हे मी अनेक वर्षे शिकवीत आलो. पण काळे झालेले हात धुताना विद्यार्थ्याने जे विचारले त्याची बरोबरी फळ्यावरील प्रश्न कधी करू शकला नाही.

मोटारीची जात ठरली तरी त्या जातीतील कोणती गाडी घ्यावी, हा प्रश्न उरतोच, आणि तेथेच बहुतेक जण फसतात. सर्वसाधारण माणूस इंजिनाचा आवाज ऐकतो आणि रंग पाहतो. माझा सल्ला असा की प्रथम पत्रा पाहावा. इंजिनाचे झिजलेले भाग बदलता येतात; गंजलेला सांगाडा नवशिक्याच्या हातून कधी नीट होत नाही. पायाखालच्या चटया उचलून तळ पाहावा, बॅटरीखालची बैठक पाहावी, दारांखालच्या पट्ट्या, मागच्या चाकांच्या कमानी आणि पुढच्या शॉकअब्सॉर्बरचे वरचे टोक जेथे पत्र्याला बसते ती जागा पाहावी. एक छोटे लोहचुंबक कापडात गुंडाळून पत्र्यावरून फिरवावे; जेथे ते धरत नाही तेथे रंगाखाली लांबी भरलेली आहे असे समजावे. आपल्या भागात गोव्याहून आलेल्या गाड्या पुष्कळ मिळतात. समुद्रकाठची खारी, दमट हवा लोखंडाची वैरीण आहे. पूर्वेकडील कोरड्या मुलखात वापरलेली, रंग उडालेली गाडी ही किनाऱ्यावरून आलेल्या चकाकत्या गाडीपेक्षा पुष्कळदा सरस ठरते. नाव मोठे आणि लक्षण खोटे, हा अनुभव जुन्या बाजारात पदोपदी येतो.

मग इंजिन. गाडी पाहावयास सकाळीच जावे आणि विकणाऱ्यास आधी चालू करून ठेवू नका असे सांगावे. थंड इंजिन खोटे बोलत नाही. धूर निळसर असेल तर ऑईल जळत आहे; काळा असेल तर पेट्रोल प्रमाणाबाहेर जात आहे; पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबत नसेल आणि रेडिएटरमधील पाणी कमी होत असेल तर हेडच्या गॅस्केटची शंका घ्यावी. ऑईल भरण्याच्या झाकणाखाली दुधट साय दिसली तर त्या गाडीला नमस्कार करून परतावे. चालविताना स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू पुढे जावे. पुढच्या चाकाकडून टकटक आवाज आला तर चाक फिरविणाऱ्या दांड्याचा सांधा झिजला आहे. हा दोष दुरुस्त होण्याजोगा आहे, पण किंमत ठरविताना तो सांगावयास हवा. कार्ब्युरेटरची गाडी घ्यावी की इंधन फवारणारी, असेही विचारले जाते. कार्ब्युरेटर शिकण्यास सुंदर आहे खरा. पण २००० सालापासून या मोटारीत इंधन-फवारणीची पद्धत आली, आणि त्यानंतरच्या गाड्या वयाने लहान व धुराच्या परीक्षेत सुकर आहेत. प्रथम शिकणाऱ्याने त्यांतलीच घ्यावी असे मला वाटते.

कागदपत्रांची परीक्षा ही पत्र्याच्या परीक्षेइतकीच महत्त्वाची. मोटार वाहन कायदा, १९८८ अन्वये खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षे टिकते. त्यानंतर गाडीची तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. या नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर गेले, आणि वीस वर्षांवरील गाड्यांसाठी २०२५ साली ते आणखी वाढविण्यात आले. दोनशे रुपयांची घासाघीस करणारा ग्राहक हे हजारो रुपये विसरतो. आपण सीमेवर राहणारी माणसे. आपल्याला आणखी एक पेच असतो. कोल्हापूरची एमएच ०९ किंवा गोव्याची जीए क्रमांकाची गाडी स्वस्त मिळते, पण ती बेळगावात बारा महिन्यांहून अधिक ठेवावयाची तर तेथील ना-हरकत प्रमाणपत्र आणून, येथला कर भरून, केए २२ चा क्रमांक घ्यावा लागतो. हा सर्व खर्च मिळवून मगच स्वस्त-महाग ठरवावे. इंजिनावरचा व सांगाड्यावरचा क्रमांक नोंदणीपुस्तकाशी स्वतः ताडून पाहावा. पूर्वीच्या कर्जाचा बोजा नोंदीत राहिला असेल तर तो उतरविल्याखेरीज पैसे देऊ नयेत.

पैशाविषयी माझा नियम सोपा आहे. जेवढे पैसे जवळ आहेत त्यांच्या निम्म्यात गाडी घ्यावी आणि निम्मे मागे ठेवावे. अंथरूण पाहून पाय पसरावे हे सर्वांना पाठ असते. पण जुनी मोटार ही अशी पाहुणी आहे की ती आल्यावर अंथरूण आखूड होते. टायर, बॅटरी, ब्रेक, विमा यांचा खर्च पहिल्याच महिन्यात समोर उभा राहतो.

कामाचा क्रमही ठरलेला असावा. तरुणांना प्रथम रंग द्यावासा वाटतो, मोठा सायलेन्सर बसवावासा वाटतो. रंग सर्वांत शेवटी. आधी थांबणे, मग वळणे, मग चालणे, आणि मग दिसणे. म्हणजे प्रथम ब्रेक व टायर. नंतर स्टिअरिंग व शॉकअब्सॉर्बर. नंतर ऑईल, पाणी, पट्टे आणि पेट्रोलच्या नळ्या. नळ्यांचा उल्लेख मुद्दाम करतो, कारण २०२५ पर्यंत देशात २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सर्वत्र आले आणि जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या अशा मिश्रणासाठी बनविलेल्या नव्हत्या. त्या बदलून इथेनॉलला टिकणाऱ्या घालाव्यात. सायलेन्सरच्या गर्जनेचा मोह तर सोडूनच द्यावा. कारखान्याने नोंदविलेल्या स्वरूपात मनमानी बदल करण्यास याच कायद्याच्या ५२ व्या कलमाने मनाई आहे.

काही इशारे वडीलकीच्या अधिकाराने देतो. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, क्षणभरही, शिरू नये. खाली भक्कम लोखंडी घोड्या लावाव्यात आणि चाकांना अडण्या द्याव्यात. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. बॅटरी सोडविताना ऋण तार प्रथम काढावी. ब्रेकमधील धूळ फुंकू नये. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असू शकते. आणि अठरा वर्षांखालील मुलामुलींनी पाना अवश्य धरावा, स्टिअरिंग धरू नये. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केल्यास पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊ शकतो.

या मतावर आक्षेप आहेत, आणि ते क्षुल्लक नाहीत. पहिला असा की विजेच्या मोटारींच्या युगात पेट्रोलचे जुने यंत्र शिकून काय साधणार? याला माझे उत्तर असे की ब्रेक, स्टिअरिंग, शॉकअब्सॉर्बर आणि चाके ही विजेच्या मोटारीलाही आहेतच. त्याहून महत्त्वाची आहे ती दोष शोधण्याची रीत. लक्षण पाहणे, कारणांची यादी करणे, एका वेळी एकच गोष्ट बदलणे आणि निष्कर्ष वहीत टिपणे, ही रीत यंत्र बदलले तरी बदलत नाही. दुसरा आक्षेप धुराचा. तो मला मान्य आहे. जी गाडी प्रदूषणाच्या तपासणीत उतरत नाही ती रस्त्यावर आणू नये. आणि जिचा सांगाडाच गेला आहे ती मायेपोटी न राखता मान्यताप्राप्त मोडकेंद्राकडे द्यावी. तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर. या मोटारीत आजच्यासारखी संरक्षणाची साधने नाहीत. अपघातात फुगणाऱ्या हवेच्या पिशव्या नाहीत, चाके न अडकू देणारी ब्रेकची यंत्रणा नाही. म्हणून मी स्पष्ट सांगतो की ही गाडी शिकण्यासाठी आहे. गावातल्या गावात, बेताच्या वेगाने, पट्टा बांधून ती चालवावी. महामार्गावर इतरांशी शर्यत करण्यासाठी ती घेऊ नये. ज्याला रोज धारवाडला जावयाचे आहे त्याने दुसरी गाडी पाहावी.

अभ्यास बुडेल, अशी भीती आईवडिलांना वाटते. ती दूर करण्याचा उपाय म्हणजे कामाला आठवड्याची मर्यादा घालणे. एक रविवार, एक काम; संध्याकाळी गाडी पुन्हा चाकांवर उभी राहिलीच पाहिजे. लहान गाडीत हे शक्य होते, आणि मी लहान गाडीचा आग्रह धरतो तो याचसाठी.

हे सर्व मला इतक्या खात्रीने सांगता येते याचे कारण तीन वर्षांपूर्वी आमच्या अंगणात पुन्हा एक जुनी मोटार आली. माझ्या त्याच धाकट्या भावाची मुलगी बारावी होऊन अभियांत्रिकीला गेली आणि तिने हट्ट धरला. भाऊ काही बोलला नाही. आमचे वडील, वय ऐंशीच्या पुढे, एवढेच म्हणाले, "पुन्हा तेच का?" मी पुतणीला घेऊन चार गाड्या पाहिल्या, तीन नाकारल्या, आणि २००७ सालची एक मारुती ८०० घेतली. रंग विटलेला, पण तळ कोरडा व निकोप, नोंदणी नूतन केलेली. पेडल मात्र मऊ लागत होते आणि मागच्या डाव्या चाकाशी ओल दिसत होती.

ड्रम उघडला तेव्हा आतले ब्रेकचे छोटे सिलिंडर पाझरत होते. दोन्ही बाजूंची सिलिंडरे व अस्तरे बदलली. घासून ओरखडे पडलेले ड्रम उद्यमबागेतील एका लेथवर साफ करून आणले. ते अजून मापात आहेत की नाही हे तेथील कारागिराने मोजून पाहिले, आणि माप कसे घ्यावयाचे हे त्याने पुतणीला आनंदाने दाखविले. आपल्या गावात अशी माणसे आहेत, ही मोठी संपत्ती आहे. मग नळ्यांत शिरलेली हवा काढावयाची होती. द्रव दाबला जात नाही, हवा दाबली जाते; म्हणून नळीत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी पेडल मऊ लागते. या कामाला दोन माणसे लागतात : एक चाकाशी बसून निपल सैल करणारा, दुसरा आत बसून पेडल दाबणारा. त्या दिवशी मी गावात नव्हतो आणि भाऊ बाहेर आला नाही. तेव्हा पुतणीने वडिलांना विचारले, "आजोबा, तुम्ही बसता का आत?"

वडील काठी बाजूला ठेवून पुढच्या आसनावर बसले. "दाबा... धरून ठेवा... आता सोडा," असे ती चाकापासून सांगत होती आणि ते तसे करीत होते. तासभर हे चालले होते, असे मला आल्यावर कळले. शेवटी पेडल दगडासारखे घट्ट झाले. ते दाबून पाहत वडील म्हणाले, "आता ही थांबेल." नंतर एका अनुभवी मेकॅनिककडून सर्व काम तपासून घेतले, कारण ब्रेकच्या बाबतीत अभिमान उपयोगी नाही, त्याने एक नट किंचित घट्ट केला, बाकी सर्व बरोबर होते. पुढच्या रविवारी सकाळी अंगणात गेलो तो आमच्या जुन्या पान्यांची पेटी गाडीजवळ ठेवलेली. ती पोटमाळ्यावरून भावाने काढली होती, आणि गंजलेला १४ नंबरचा पाना तो रॉकेलच्या फडक्याने पुसत बसला होता.

ती गाडी आजही फार सुंदर दिसत नाही. एका दाराचा रंग दुसऱ्याशी जुळत नाही. पण ती सुरू होते, वळते आणि थांबते, आणि तिच्यातील प्रत्येक बदललेल्या भागाची तारीख पुतणीच्या वहीत लिहिलेली आहे.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी कोणाच्या मनात असा विचार असेल तर तो मनातून काढून टाका असे मी सांगणार नाही. हातांना काम शिकविणे हे शिक्षणच आहे आणि काळे झालेले हात साबणाने स्वच्छ होतात. फक्त निवड करताना मोटारीच्या रूपाकडे न पाहता तिचे काम आपल्या हातून पुरे होईल की नाही हे पाहा. आणि पालकांना माझी विनंती अशी की मुलगा किंवा मुलगी जुनी मोटार आणावयाची म्हणाली तर एकदम नकार देऊ नका; बरोबर जा, चटया उचलून तळ पाहा, कागद वाचा. आणि पेडल दाबण्यासाठी कोणी हवे असेल, तर तेवढा तास त्यांना द्या.